मोजणारा कान

अनंत चतुर्दशीला पुण्यातल्या बेलबाग चौकात पाय ठेवायला जागा नसते. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मानाचा पहिला, कसबा गणपती, निघतो आणि लक्ष्मी रस्त्याला लागतो. तिथून पुढे थेट दुसऱ्या दिवसापर्यंत हा रस्ता ढोल, ताशा, झांजा आणि स्पीकरच्या स्वाधीन असतो. माना उंचावलेल्या, हात जोडलेले, मोबाइल डोक्याच्या वर धरलेले. या गर्दीच्या कडेला दोन-तीन विद्यार्थी उभे असतात. एकाचं लक्ष घड्याळाकडे, एकीच्या हातात वही, आणि तिसऱ्याने हात लांब करून धरलेला असतो ध्वनिमापक. मुलं त्याला नुसतं मीटर म्हणतात.

मुठीत मावेल एवढी जाडी, वरच्या बाजूला निमुळती होत गेलेली मान, आणि मानेवर काळ्या स्पंजाचा गोळा. पोटावर छोटा पडदा, त्यावर सतत हलणारा एक आकडा. स्पंज आवाजाला आत सोडतो आणि वाऱ्याला अडवतो, कारण वाऱ्याची झुळूक थेट लागली तर मीटर तिलाही आवाज समजून बसतो. त्याला धरायचीही रीत आहे. जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंच, भिंतीपासून दूर, आणि स्वतःच्या अंगापासूनही हातभर लांब, कारण धरणाऱ्याच्या छातीवरून परतलेला आवाजही त्याच्या हिशोबात शिरतो. गर्दीच्या रेट्यात एवढं सगळं सांभाळणं सोपं नसतं. रात्री दोन वाजता टिळक चौकात तो हात तसाच लांब धरून उभ्या राहिलेल्या मुलांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ही मुलं सीओईपीची, म्हणजे १८५४ पासूनच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. आता ते विद्यापीठ झालं आहे. गेली वीसेक वर्षं तिथले विद्यार्थी आणि शिक्षक विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज मोजत आले आहेत. बेलबाग, गणपती चौक, लिंबराज महाराज, कुंटे, उंबऱ्या गणपती, गोखले, शेडगे विठोबा, होळकर, टिळक आणि खंडुजीबाबा हे त्यांचे चौक. ठरलेल्या वेळी ठरलेल्या चौकात उभं राहायचं, आकडा लिहायचा, पुढे निघायचं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही सणांच्या दिवसांत अशी मोजणी करतं. पण एकाच रस्त्याची, त्याच चौकांतली, वर्षानुवर्षं पोरांनी पायी फिरून केलेली ही नोंद मला जास्त मोलाची वाटते. तिच्यामुळे या वर्षाची गेल्या वर्षाशी तुलना करता येते.

मीटरला मानाचा गणपती कोणता आणि नवसाचा कोणता हे कळत नाही. आरती, घोषणा, सुतळी बॉम्ब, रुग्णवाहिकेचा भोंगा हे सगळं त्याच्यापर्यंत एकाच रूपात पोचतं: इथल्या हवेचा दाब किती हलला. पुण्यात आवाजाचा विषय काढला की दोन वाक्यांत गाडी ‘तुम्हाला आमचाच आवाज दिसतो का’ इथे येऊन ठेपते. त्याचे लग्नातले बँड, ह्यांचे भोंगे, त्यांचे फटाके. मीटर या वादात उतरत नाही. मला ढोल आवडतो. पथकाचा पहिला ठोका पडला की अंगावर काटा येतो, आणि तो दरवर्षी यावा असंच मला वाटतं. तरीही, किंवा म्हणूनच, ढोल वाजवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाची या मीटरशी नीट ओळख व्हावी अशी माझी इच्छा आहे.

स्पंज काढला की खाली दिसते एक बारीक जाळी, आणि जाळीच्या आत असतो त्याचा खरा जीव, एक ताणून बसवलेला पडदा. चांगल्या प्रतीच्या मीटरमध्ये हा पडदा धातूचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी भरते. त्याच्या मागे, केसाच्या जाडीहूनही कमी अंतर सोडून, एक स्थिर चकती असते. हवेचा दाब वाढला की पडदा चकतीकडे सरकतो, घटला की मागे येतो, आणि या दोघांमधलं अंतर बदललं की विजेचा दाबही तसाच बदलतो. ही युक्ती ई. सी. वेंट या अमेरिकी संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या काळात टेलिफोनच्या कामासाठी शोधली. आजही अचूक मोजणीसाठी तीच वापरतात.

म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर त्या क्षणी तीन पडदे एकमेकांशी बोलत असतात. एक ढोलाचं पान, दुसरा मीटरच्या मानेतला, तिसरा आपल्या कानातला. टिपरू पडलं की पान थरथरतं. ते बाहेर येतं तेव्हा समोरची हवा दाटते, आत जातं तेव्हा विरळ होते. बालभारतीच्या पुस्तकात संपीडन आणि विरलन म्हणून जे पाठ करायला लागतं ते हेच. बेलबाग चौकातली हवा काही गणपती चौकात जात नाही. तिथे जातो तो धक्का, एका थराने शेजारच्या थराला दिलेला, सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने. लांबच्या गच्चीवरून एखादं पथक बघितलंत तर हे डोळ्यांनी दिसतं. १७० मीटरवरचं टिपरू पानावर पडलेलं दिसल्यानंतर अर्ध्या सेकंदाने ठोका ऐकू येतो. ताल चुकल्यासारखा वाटतो, पण पथक चुकलेलं नसतं.

आता हा धक्का केवढा? आपण सगळे हवेच्या तळाशी राहतो आणि समुद्रसपाटीला ही हवा आपल्यावर सुमारे १,०१,३२५ पास्कल दाब टाकत असते. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज या दाबात २० मायक्रोपास्कलचा फरक करतो. म्हणजे पाचशे कोटींतला एक भाग. एवढ्याशा धक्क्याने कानाचा पडदा जितका हलतो ते अंतर एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं. निसर्गाने आपल्याला इतकं नाजूक यंत्र दिलं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना उघडंच ठेवलं आहे. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही.

मीटर कामाला निघण्याआधी त्याची परीक्षा घेतात. एक छोटं नळकांडं त्याच्या मानेवर घट्ट बसवायचं आणि बटण दाबायचं. नळकांड्यातून १००० हर्ट्झचा एकच स्वर निघतो आणि पडद्यावर ९४ यायला हवेत. कमी-जास्त आले तर मीटर जुळवून घ्यायचा, मगच बाहेर पडायचं. रात्रभर फिरून परत आल्यावर पुन्हा तेच नळकांडं, पुन्हा तोच स्वर. आकडा ढळला असेल तर त्या रात्रीच्या सगळ्या नोंदी संशयित. दुसऱ्याचं माप काढायच्या आधी आणि नंतरही स्वतःला तपासू देणं हा या मीटरचा मला सर्वांत भावलेला स्वभाव आहे.

९४ हा आकडाही उगाच नाही. एक पास्कल दाबाचा आवाज म्हणजे ९४ डेसिबल. एक पास्कल हा २० मायक्रोपास्कलच्या ५०,००० पट असतो. दहावी झालेल्या मुलाने ५०,००० चा लॉगॅरिथम काढून त्याला २० ने गुणलं तर उत्तर ९४ च्या अगदी जवळ येतं. करून बघावं. हवेच्या दाबाच्या एक लाखाव्या भागाएवढी ही हालचाल, पण रोज तासन्‌तास सोसावी लागली तर कान कायमचा अधू करायला ती पुरते.

लॉगॅरिथम मधे आणायची गरज का पडली, तर कानाचा आवाका अफाट आहे म्हणून. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून कान दुखायला लागेपर्यंत दाब दहा लाख पट वाढतो, आणि ऊर्जा त्याच्या वर्गाने, म्हणजे एक लाख कोटी पट. एवढे आकडे वहीत कोण लिहिणार? टेलिफोनच्या तारांमध्ये आवाज किती क्षीण होतो हे मोजणाऱ्या बेल प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरांनी १९२० च्या दशकात अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून हे माप रूढ केलं. सगळा आवाका शून्य ते १२० मध्ये बसला. सोय झाली, आणि त्याचबरोबर एक मोठा गैरसमजही जन्माला आला.

गैरसमज असा की ९० आणि १०० यांत फार काही फरक नाही. दुकानात नव्वदच्या जागी शंभर मोजले तर आपण कुरकुरत देऊन टाकतो. मीटरच्या गणितात तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दहापट, वीस वाढले की शंभरपट. आणि आपल्या मेंदूला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठा आवाज एवढीच जाणवते. कानातल्या पेशींवर दहापट मारा होत असताना आपल्याला वाटतं, थोडा आवाज वाढवला बरं का यांनी. ही तफावतच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, आणि ती उघडी करायला आपल्याला यंत्र लागतं. कानाला स्वतःचं नुकसान ऐकू येत नाही.

२०२० मध्ये करोनामुळे मिरवणूक निघाली नाही. त्या अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरची सरासरी साठच्या आसपास आली. २०२२ मध्ये दोन वर्षांचा उत्साह रस्त्यावर उतरला आणि सरासरी शंभर ओलांडून पुढे गेली. वर्तमानपत्रात हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले की साठाचे शंभर झाले, दुपटीहूनही कमी, असं वाचणाऱ्याला वाटतं. चाळीस डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जा दहा हजार पट. तोच रस्ता, तेच चौक, त्याच अंगणातली, त्याच गॅलरीतली माणसं, आणि त्यांच्या कानांवर दहा हजार पट.

मीटरचा एक दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर त्याचं चित्र खोटं ठरेल. त्याच्या अंगावर एक कळ असते, ‘ए’ आणि ‘सी’ अशी. आपला कान सगळ्या वारंवारतांना सारखा दाद देत नाही. मंद आवाजात खर्जाचे स्वर आपल्याला फार कमी ऐकू येतात. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये माणसांना स्वर ऐकवून याचे आलेख काढले. त्या आलेखांवर बेतलेली मोजणी म्हणजे ‘ए’. ती १००० हर्ट्झला काही कापत नाही, १०० हर्ट्झला १९ डेसिबल कापते आणि ६३ हर्ट्झला २६. आपले कायदे याच मोजणीवर चालतात. बोलणं, हॉर्न, ताशा यांच्यासाठी ती योग्य आहे. पण स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात आणि ज्या धडधडीने छातीत हलतं, काचा थरथरतात, ती सगळी त्या खालच्या पट्टीत असते. ‘ए’ लावलेला मीटर तिच्यातले वीस-पंचवीस डेसिबल वजा करून आकडा दाखवतो. म्हातारी माणसं म्हणतात, ‘अरे, छातीत धडधडतंय’, आणि आकडा म्हणतो, तेवढं काही नाही. इथे मी म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने आहे. अशा वेळी कळ खर्ज फारसा न कापणाऱ्या ‘सी’ कडे सरकवावी आणि दोन्ही आकडे लिहावेत. त्यांच्यातला फरक जितका मोठा, तितका तो आवाज खर्जाचा.

हाच खर्ज पेठांमधल्या बोळांत कसा शिरतो तेही पाहण्यासारखं आहे. ६० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेपाच मीटरहून जास्त असते. तो घराच्या कोपऱ्याला वळसा घालून सहज पुढे जातो आणि भिंतीतूनही बराचसा आत येतो. ताशाच्या कडकडाटात हजारो हर्ट्झचे स्वर असतात, त्यांची लांबी काही इंचांची. ते समोरच्या इमारतीवर आपटून परत फिरतात, बोळात वळत नाहीत. म्हणून सदाशिव पेठेत आतल्या घरी खिडक्या लावून बसलेल्याला ताशा ऐकूच येत नाही, फक्त लांबून धुम्म धुम्म येत राहतं, आणि लक्ष्मी रस्त्यावर उभ्या असलेल्याला ताशाच आधी झोंबतो. मोकळ्या मैदानात आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल घटतात. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना इमारतींच्या भिंती. आवाज त्यांच्यामध्ये फेऱ्या मारत राहतो आणि अंतर वाढवूनही तितका उतार मिळत नाही. पथकांचा सराव नदीपात्रात होतो तेव्हा तोच ढोल वेगळा का वाटतो, याचं एक कारण हेही आहे.

मीटरच्या पडद्यापाशी सगळं संपतं. धक्क्याची वीज होते, विजेचा आकडा. आपल्या पडद्यामागे मात्र बरंच काही आहे. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. रिकीब तर शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. तिच्यापुढे द्रवाने भरलेला वेटोळ्यांचा कर्णावर्त, आणि त्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी. रिकिबीला एक चिमुकला स्नायू धरून असतो. मोठा आवाज आला की तो आवळतो आणि हाडाची हालचाल कमी करतो. पण त्याला जागं व्हायला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो, आणि फटाक्याचा बार किंवा ताशाची काडी तेवढी वाट बघत नाही. धक्का आत पोचलेला असतो.

केसपेशी आधी थकतात. मिरवणुकीतून घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, दडे बसल्यासारखे वाटतात, सकाळपर्यंत बरं वाटतं. पुन्हा पुन्हा तसं झालं की काही पेशी परत उभ्या राहत नाहीत. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात, हे शास्त्रज्ञांनी पाहिलेलं आहे. माणसाच्या कानात उगवत नाहीत. जन्माला येताना मिळालेल्या पंधरा हजारांवरच आयुष्य काढायचं असतं. आणि पहिला फटका बसतो तो साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशींना. त्यामुळे ऐकू येणं बंद होत नाही, फक्त स, श, त, फ, ख यांची धार जाते. ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. वर्गात मागच्या बाकावरचं पोर ‘काय म्हणालात?’ असं दोनदा विचारतं आणि त्याला ओरडा बसतो, लक्ष नाही म्हणून.

किती आवाज किती वेळ चालेल, याचे अंदाज कारखान्यांतल्या कामगारांवरून काढलेले आहेत. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. तीन वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. आता पथकातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पोटाशी बांधलेला ढोल, शेजारी दुसरा, मागे तिसरा, पुढे ताशांची रांग. त्याच्या कानाशी १०० सहज ओलांडले जातात. चार तास वाजवलं तर १०० च्या हिशोबानेच दिवसभराच्या मर्यादेच्या सोळापट मारा झाला. मिरवणुकीच्या आवाजाबद्दल बोलताना आपण गॅलरीतल्या आजोबांचा विचार करतो, रुग्णालयाचा करतो, आणि तो करायलाच हवा. पण आवाजाच्या सगळ्यांत जवळ, सगळ्यांत जास्त वेळ, ही पोरं असतात. त्याआधी महिना-दोन महिने रोज संध्याकाळी सराव असतो, तो वेगळाच. बरेच जण कापसाचे बोळे घालतात. कापूस फारसा काही अडवत नाही. मऊ फोमचे कानबोळे, चिमटीत वळून कानात नीट बसवले तर पंधरा-वीस डेसिबल खाली आणतात. म्हणजे १०० चे ८० ते ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे कित्येक तास. ताल बिघडत नाही, कारण ढोल हातांना आणि छातीलाही ऐकू येतच असतो. प्रत्येक पथकाने गणवेशाबरोबर ही जोडी द्यावी आणि ती घातल्याशिवाय ढोल बांधू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२४ मध्ये हा विषय न्यायालयात गेला. ३० ऑगस्टला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाने दिलेल्या निर्देशांत एक असा होता की पथकात ढोल, ताशा, झांज मिळून तीसच जण असावेत. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या संख्येच्या निर्देशाला स्थगिती दिली. ढोल-ताशा पुण्याच्या जिव्हाळ्याचा आहे, हे सरन्यायाधीशांनीही बोलून दाखवलं. पुण्यात त्यावर बरंच बोललं गेलं, तावातावाने. मला मात्र वाटत राहिलं की या चर्चेत मीटरला कुणीतरी विचारायला हवं होतं. त्याचं उत्तर दोन्ही बाजूंना चकित करणारं आहे. शंभर वादकांचे तीस केले तर लांब उभ्या असलेल्याच्या मीटरवर जेमतेम पाच डेसिबल उतरतात. पन्नासाचे तीस केले तर दोन-सव्वादोन. डेसिबलचं गणितच तसं आहे. आणि पथकाच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाच्या कानाशी तर फरक आणखी कमी, कारण त्याला छळणारे ढोल शेजारचे दोन-चारच असतात. वादकांची संख्या कमी केल्याने मिरवणूक लवकर पुढे सरकेल, गर्दी आटोक्यात राहील, हे फायदे खरे आहेत. पण कान वाचवायचे तर अंतर, वेळ आणि कानबोळे या तीन गोष्टींना जास्त किंमत आहे, आणि त्या तिन्हींसाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मिरवणूक वर्षातून एकदा. मीटरचं उरलेलं वर्ष कपाटात जाऊ नये. ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्या देशात २००० सालापासून आहेत. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस, उरलेली रात्र. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. मीटरभर अंतरावर बसून दोघं साधं बोलतात तोच आवाज साठच्या आसपास असतो. म्हणजे अशा क्षेत्रात कायद्याने शाळेच्या दारात रस्त्याने आपल्या बोलण्याहूनही हळू आवाजात वागायचं आहे. कर्वे रस्त्यावर किंवा टिळक रस्त्यावर शाळा सुटायच्या वेळी उभं राहून बघा.

हे शाळेने स्वतः मोजावं. चांगला मीटर महाग असतो, पण महाविद्यालयांकडून एका दिवसापुरता मागता येतो; मुलं आवडीने घेऊन येतात, हे मी पाहिलं आहे. मोबाइलवरची ॲप तुलनेपुरती चालतात. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठ्या आवाजाला तो थिटा पडतो आणि आकडा कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवून वापरावीत. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी, तासभर मोजायचं आणि त्या तासाचा समतुल्य आवाज काढायचा. नियमातल्या मर्यादा याच पद्धतीने पाहतात. समतुल्य आवाज म्हणजे त्या तासात आलेली सगळी ऊर्जा तासभर सारखी पसरवली तर किती डेसिबल भरेल ते. साध्या सरासरीची सवय असलेल्याला हा हिशोब चटकन पटत नाही, म्हणून तो नववीच्या वर्गात फळ्यावर करावा. समजा, शाळेसमोरचा रस्ता एरवी ६० डेसिबलवर चालतो, आणि त्या तासात सगळे हॉर्न मिळून एक मिनिट वाजतात, दारापाशी ९० डेसिबलने. ६० आणि ९० यांत तीस डेसिबल, म्हणजे ऊर्जा हजारपट. तेव्हा हॉर्नचं एक मिनिट बरोबर एरवीच्या रस्त्याची हजार मिनिटं, म्हणजे १६ तास ४० मिनिटं. उरलेली ५९ मिनिटं त्यात मिळवली की १०५९ मिनिटांची ऊर्जा ६० मिनिटांत कोंबलेली, साडेसतरा पटीहून जास्त. पडद्यावर तासाचा आकडा येतो ७२ आणि वर अर्धा. साठाला साडेबारा डेसिबलने वर नेणारं ते एकच मिनिट. शाळेच्या दारात ज्यांचा हॉर्न वाजतो त्यांत मुलांना सोडायला आणि न्यायला आलेले आईबाप बरेच असतात, आणि या हिशोबाचा कागद पालकसभेत त्यांच्याच हातात द्यायचा आहे.